गजामागे एक गिरह

१

मोजणीची साखळी तुरीतून बाहेर आली आणि विहिरीच्या अलीकडेच थांबली.

शमसुन्निसा विहिरीच्या धावेवर उभी राहून वाट पाहत होती. साखळी विहिरीला बगल देऊन पुढे जाईल, जुन्या हद्दीवर टेकेल आणि हा उपद्व्याप एकदाचा मिटेल, असं ती धरून चालली होती. साखळीचं पुढचं टोक म्हाताऱ्या लालसिंगच्या हातात होतं. तांड्यावरचा हा माणूस तीस वर्षं सरकारची साखळी ओढत होता. तो थांबला. त्याने विहिरीकडे पाहिलं, मागे तुरीकडे पाहिलं, पुन्हा विहिरीकडे पाहिलं.

"बारा," तो म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

"बारा साखळ्या पूर्ण. इथे दगड रोवा," तालुक्याहून आलेला मोजणीदार घनश्याम म्हणाला. पंचविशीतला, इस्त्रीच्या कपड्यातला, कागदावरून नजर न उचलणारा माणूस.

"इथी?" शमसुन्निसा धावेवरून उतरली. "साहेब, माही हद्द विहिरीच्या पल्याड हाये. पाच गज पल्याड. ही विहीर माह्या घरवाल्यानं खंदली."

"विहीर कोणी खोदली ते मी मोजत नाही, बाई. पहिल्या मोजणीचं टिपण माझ्याकडे आहे. नाल्याकाठच्या दगडापासून पूर्वेची हद्द बारा साखळ्या. बारा साखळ्या इथे भरल्या."

गेल्या पावसाळ्यात पूर्वेचा जुना दगड नाहीसा झाला होता. पाण्याने वाहून नेला, असं शेजारच्या वावराचे पुंडलिकराव पाटील म्हणाले आणि मोजणीचा अर्जही त्यांनीच केला. आता ते पांढऱ्या स्वच्छ धोतरात हात मागे बांधून उभे होते. त्यांच्या शेजारी बाबुलाल, शुक्रवारच्या बाजारातला कापडवाला, लांब कोटाला चिकटलेला तुरीचा पाला झटकत होता. साखळीचं मागचं टोक धरणारा धावजी आज आला नव्हता, म्हणून पुंडलिकरावांनी त्याला मदतीला दिलं होतं.

"शमसुन्निसाबाई, सरकारी साखळीपुढं तुमचं-माहं काय चालते?" पुंडलिकराव अगदी मऊ आवाजात म्हणाले. "तुमाले लागन तेवढं पानी न्या जी. मी नाई म्हनत नाई. पन ते बाकीचे लोक आता नाई."

बाकीचे लोक म्हणजे गावाखालच्या वस्तीतल्या बाया. सावळखेडात दुसरी कुठलीच विहीर त्यांना घागर बुडवू देत नव्हती.

"विहीर माही हाये. कोनाले पानी द्याचं ते मी ठरवीन."

"माही होती म्हना," पुंडलिकराव म्हणाले. "सोमवारी साहेब पंचनाम्यावर सह्या घेतीन, अन् त्याच दिवशी मी काट्याचं कुंपन घालीन."

तो बुधवार होता.

२

घरी आली तर ओट्यावर शेजारची रशीदा कापडाचं गाठोडं घेऊन बसलेली. "आपा, गेल्या बाजारी पाच गज घेतलं बाबुलालकडून. अन् तुमी म्हंता पुरत नाई!"

"ठेवून जा. पाह्यतो," शमसुन्निसा म्हणाली. तिचं लक्ष नव्हतं. नवरा हबीब जाऊन आठ वर्षं झाली होती. तेव्हापासून शिलाई यंत्र तिचं होतं, वावर तिचं होतं आणि गावाशी भांडणंही तिची एकटीची होती. विहीर खणताना हबीबने हातांनी मोजून सांगितलं होतं की नाल्यापासून हद्द दोनशे चौसष्ट हात. कोणाच्या हाताने, ते सांगायचं राहिलं होतं. हाताच्या बोलीवर सरकार काही ऐकणार नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती चावडीवर गेली. घनश्याम तिथेच मुक्कामाला होता.

"साहेब, मले एवढंच सांगा. एक साखळी म्हनजे किती?"

"तेहतीस फूट. सोळा आणे."

"आने?"

उत्तर लालसिंगने दिलं. त्याने अंगणात साखळी पसरली. दोन्ही टोकांना पितळी कडं, मध्ये सोळा लांब कड्या एकीला एक जोडलेल्या. "हे एक कडी म्हनजे एक आना, आपा. रुपयाचे आने गेले, नवे पैसे आले. पन साखळीचे सोळा आने साखळीतच हायेत."

तेहतीस फूट म्हणजे अकरा गज. बारा साखळ्या म्हणजे एकशेबत्तीस गज. आणि हात अर्ध्या गजाचा, म्हणून दोनशे चौसष्ट हात. हबीब बरोबर बोलला होता! शमसुन्निसाच्या अंगात एकदम बळ आलं. तिने पिशवीतून लोखंडी गज काढला आणि उकिडवी बसून सगळी साखळी मोजली.

अकरा गज. वर थोडंसं जास्तच, झिजून झिजून लांबलेलं.

साखळी आखूड नव्हती. उलट तिच्या फायद्याची होती.

"समाधान झालं?" घनश्यामने विचारलं.

"नाई झालं. तुमच्यापाशी ते नवी फीत हाये, मीटरची. तुमी दहा मीटरले एक साखळी समजून मोजलं असन."

घनश्यामचे कान लाल झाले. तरी त्याने कागद ओढला आणि हिशेब करून दाखवला. दहा मीटर साखळीपेक्षा सव्वादोन इंच कमी भरतात.

"म्हनजे एक गिरह," शमसुन्निसा म्हणाली. गजाचे सोळा भाग, एकेका भागाला गिरह म्हणतात. शिंप्याला हे शिकवावं लागत नाही. "साखळीमागं एक गिरह. बारा साखळ्यांत बारा गिरह. एक गजही नाई होत."

"मग? तुमची विहीर तर तीन गज बाहेर आहे. आणि मी साखळीनेच मोजलं."

"तुमी खरं बोलून राह्यले, ते समजलं," ती म्हणाली आणि उठली.

लालसिंग तिला वेशीपर्यंत सोडायला आला. "आपा, लोक म्हनून राह्यले, लालसिंगनं एक साखळी खाल्ली. तीस वर्षांत माहं नाव कोनी असं घेतलं नवतं."

३

तिने आपली स्वतःची साखळी शिवली.

खाटेची जुनी नवार घेतली, कारण नवार ताणली तरी फारशी वाढत नाही. अकरा गज कापली. दर गजाला लाल दोऱ्याची शिवण मारली, दर गिरहेला काळ्या दोऱ्याची. शुक्रवारी दिवस वर आल्यावर ती आणि रशीदा नाल्याकाठच्या जुन्या दगडापासून निघाल्या. तुरीत शिरल्या, वाकल्या, खुंट्या मारल्या, शेंगांनी हात ओरबाडून घेतले. वस्तीतली कोकिळा विळा घेऊन तूर कापत होती, ती कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.

अर्ध्या वाटेवर पांदण आडवी जात होती. तिथे घनश्यामने सहा साखळ्यांची खूण म्हणून एक लहान दगड ठेवला होता. तो सहासष्ट गजांवर असायला हवा होता.

तो एकसष्ट गज चौदा गिरहेवर होता. चार गज दोन गिरह कमी.

आणि विहिरीजवळचा नवा दगड एकशेतेवीस गज बारा गिरहेवर. आठ गज चार गिरह कमी.

त्यांनी पुन्हा मोजलं. एखाददुसरी गिरह इकडेतिकडे झाली, बाकी तेच.

शमसुन्निसा बांधावर बसली. रशीदा म्हणाली, "आपा, कोनी मंग दगड सरकवला."

"मले दिसला न रोवताना. अन् सरकवला असता तं हा एकच चुकला असता. पांदनीचा काहून चुकला?"

"मंग लालसिंगभाऊनं एक साखळी कमी मोजली."

"एक साखळी म्हनजे अकरा गज. इथी आठच कमी हायेत. अन् अर्ध्या वाटेवर बरोब्बर अर्धे कमी." ती उठली आणि नवार गुंडाळू लागली. "रशीदा, चूक एका जागी नाई झाली. पयल्या पावलापासून होत आली."

साखळी पूर्ण होती. मोजणीदार खरा होता. मोजलेल्या बारा साखळ्या बाराच होत्या. तरीही दर साखळीत काहीतरी गळत होतं, आणि प्रत्येक वेळी सारखंच.

४

शनिवारी दुपारी ती रशीदाचं कापड घेऊन बसली. हाताला काम असलं की तिचं डोकं चालायचं. कापड गजावर टाकलं. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला कापड संपलं. चार गज अकरा गिरह.

पाच गजांत पाच गिरह कमी.

बाबुलालचं कापड नेहमीच असं निघायचं. त्याचा गज खरा होता, शिक्क्याचा होता; बाजारात दोनदा तपासूनही काही सापडलं नव्हतं. खोट होती ती अंगठ्यात. गजाच्या टोकाला कापड धरायच्या ऐवजी तो अंगठा एक गिरह आत दाबायचा आणि तिथून पुढचं मोजायचा. बोलण्यात गिऱ्हाईक गुंतलेलं, अंगठ्याकडे कोण बघतो?

शमसुन्निसाची कात्री हवेतच थांबली.

आठ गज चार गिरह. आठ सोळं एकशे अठ्ठावीस, वर चार. एकशेबत्तीस गिरह.

एकशेबत्तीस गजांच्या वावरात एकशेबत्तीस गिरह कमी.

पांदणीपाशी सहासष्ट गजांत चार गज दोन गिरह. सहासष्ट.

"या खुदा," ती मोठ्याने म्हणाली. तिने खडू घेतला आणि जमिनीवरच आकडे मांडले. साखळीचे अकरा गज, म्हणजे दर साखळीत अकरा गिरह गळाल्या. आणि साखळीचा एक आणा केवढा? अकरा गजांचा सोळावा भाग. अकरा गिरह. अगदी एक कडी!

मागच्या माणसाने कडं खुंटीला लावलंच नव्हतं. पहिली कडी मुठीत दाबून पुढचा जोड खुंटीला लावला होता. साखळी सोळा आण्यांची, मोजली गेली पंधराच आण्यांनी. बारा वेळा.

तिने चप्पल पायात सरकवली आणि थेट वस्तीत गेली.

५

"बुधवारी तू तुरीत होती?" तिने कोकिळाला विचारलं.

"होती न. काहून?"

"साखळीचं मागचं टोक धरनारा दिसला?"

"बाबुलाल? दिसला. चांगला दिसला." कोकिळाने विळा खाली ठेवला. "बसे, उठे, पुढं जाये. त्याच्या हाताखाली ते पितळी कडं लोंबून राह्यलं होतं, गुडघ्यापाशी. उनात चकाके. मले वाटलं तसंच धराचं असते."

"हे सगळ्यांपुढं सांगशीन?"

कोकिळाने विळा पुन्हा उचलला. तिचा नवरा पुंडलिकरावांकडे सालदार होता. शमसुन्निसाने तिच्यावर जोर केला नाही. नाही म्हणाली तरी तिला बोल लावण्याचा आपल्याला हक्क नाही, हे तिला ठाऊक होतं.

"सोमवारी पाहू," कोकिळा म्हणाली.

परतीच्या वाटेवर लालसिंग भेटला. त्याच्याबरोबर धावजी होता, चिडून लाल झालेला. "उमरखेडची बहीन लय बिमार हाये म्हनून निरोप आला, आपा. यष्टीनं धावत गेलतो. पाहतो तं बाई अंगनात पापड लाटून राह्यली! म्हने, मी कोनाले निरोप देल्लाच नाई."

"निरोप कोनं आनला?"

"बाबुलाल शेठनं. मंगळवारी संध्याकाळी."

लालसिंगने शमसुन्निसाकडे पाहिलं. तिने त्याला आकडे सांगितले. म्हातारा रस्त्यातच मटकन बसला आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मी पुढं पाहत होतो, आपा. झेंडीकडे. मी मागं वळूनच नाई पाह्यलं."

"तुमी वळून पाह्यलं तरी दिसू नये म्हनूनच तूर उभी असताना मोजनी लावली, भाऊ. उठा."

६

सोमवारी पुंडलिकरावांचे गडी बाभळीच्या काट्यांची गाडी घेऊन आले, तेव्हा शमसुन्निसा विहिरीपाशी शिलाई यंत्र मांडून बसली होती. रशीदाचा कुर्ता शिवणं चालू होतं. वस्तीतल्या बाया घागरी घेऊन मागे उभ्या होत्या.

"बाई, सरकारी कामात अडथळा आणू नका," घनश्याम म्हणाला.

"मी कुठी अडवून राह्यली? कुंपन घाला न. मले आत घेऊन घाला."

गडी एकमेकांकडे पाहू लागले. पुंडलिकरावांचा मऊ आवाज पहिल्यांदा खरखरला. "साहेब, सह्या घ्या."

"साहेब, सहीच्या आदी साखळी एकदा टाका," शमसुन्निसा उठली. "फेरमोजनी नाई म्हनत. फक्त धरून दाखवतो."

तिने मोकळ्या जागी खुंटी मारली. लालसिंग पुढे गेला. आधी तिने पितळी कडं खुंटीला लावलं. लालसिंगने सळई रोवली. मग तिने कडं सोडलं, पहिली कडी मुठीत दाबली, जोड खुंटीला लावला. लालसिंगने दुसरी सळई रोवली. दोन सळयांमध्ये दोन फुटांचं अंतर पडलं.

"अकरा गिरह. बारा साखळ्यांत एकशेबत्तीस. म्हनजे आठ गज चार गिरह. तुमचा दगड तेवढाच अलीकडे हाये, साहेब. पांदनीचा त्याच्या अर्ध्यानं. मोजून घ्या."

घनश्यामने सळयांमधलं अंतर फितीने मोजलं. त्याची नजर सळयांवरून हलत नव्हती.

"मी तं कडंच धरलं होतं!" बाबुलाल ओरडला. त्याला अजून कोणी काही विचारलं नव्हतं.

"नवतं धरलं." बायांतून कोकिळा पुढे आली. "कडं तुह्या गुडघ्यापाशी लोंबत होतं. मी दहा हातांवर तूर कापत होती."

पुंडलिकराव तिच्याकडे वळले. "तुह्या नवऱ्याले उद्यापासून कामाले पाठवू नको."

कोकिळाने एकदा मागच्या बायांकडे पाहिलं. मग तिने घागर कमरेवर नीट घेतली. "नाई पाठवत," ती म्हणाली.

घनश्यामने कागद पाकिटात घातले. "लालसिंग, नाल्यावर चला. मागचं टोक मी धरतो."

इस्त्रीच्या कपड्यांनिशी तो तुरीत शिरला. तासाभराने बाहेर आला तेव्हा सदऱ्याची बाही फाटली होती. साखळी विहिरीला बगल देऊन पुढे गेली आणि पाच गज पल्याड थांबली. "बारा," लालसिंग म्हणाला, आणि या वेळी पलीकडच्या बांधापर्यंत ऐकू गेलं.

"त्या दिवशीची साखळी खरी का आजची?" पुंडलिकराव म्हणाले. "बाईनं रडून-बोलून तुमाले फिरवलं, साहेब. मी वरपर्यंत जाईन."

"मी रडली कवा?" शमसुन्निसाने विचारलं.

लालसिंगने साखळी खाली ठेवली. "साहेब, इथी खंदू द्या. पयल्या मोजनीत हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरत. माह्या वस्तादानं सांगतलं होतं. जागा नेमकी माहीत असली तरच गवसते, नाई तं सारं वावर खंदावं लागन. आता जागा नेमकी हाये."

धावजीने कुदळ घेतली. हात, दीड हात. काळी माती, मुरूम, पुन्हा काळी माती. पुंडलिकराव हसायला लागले होते. तेवढ्यात कुदळीचा आवाज बदलला. धावजीने हाताने माती उकरली आणि ओंजळ वर केली. कोळशाचे तुकडे, चुन्याचे खडे, विटेचा चुरा.

कोकिळा वाकून पाहत होती. "पाटील," ती म्हणाली, "पान्यानं एवढा मोठा दगड नेला म्हंता. मंग कोळसा काहून नाई नेला?"

बाया हसल्या. गडीही हसले, आणि काट्यांची गाडी कोणी न सांगताच वळली. बाबुलाल खाली बसला. पुंडलिकरावांच्या ओसरीतल्या दुकानाची जागा गेली असती, त्यांनी सांगितलं तसं केलं, असं काहीतरी तो कोटात तोंड घालून पुटपुटत राहिला. पुंडलिकरावांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते घनश्यामच्या जवळ गेले आणि आवाज पुन्हा मऊ केला. "चालायचंच, साहेब. भूलचूक. मिटवून टाका."

घनश्याम विहिरीच्या काठावर बसून लिहू लागला. लिहून झालं तसा त्याने कागद शमसुन्निसापुढे धरला. "सही करा, बाई. तुमची हद्द जुनीच कायम."

"वाचून दाखवा."

"'साखळी धरताना नजरचुकीने फरक पडल्यामुळे...'"

"थांबा. कोनाची नजर चुकली?"

घनश्यामने मान वर केली. पुंडलिकराव तिथेच उभे होते. "बाई, विहीर मिळाली ना तुम्हाला? शब्दांत काय आहे?"

"एवढ्या चार दिवसांत लालसिंगभाऊले चोर म्हनलं गावानं. तुमाले अडानी म्हनलं. मले तं काय काय म्हनलं. चूक म्हनून लिहिलं तं ते आमच्याच अंगावर राह्यते." ती पुन्हा यंत्राशी जाऊन बसली. "चूक नाई झाली, साहेब. केली. बारा वेळा केली. कोनं केली, कोनाच्या सांगन्यावरून केली, नाव घालून लिहा. तवर मी इथीच हावो. शिलाईचं काम लय पडलं हाये."

यंत्र सुरू झालं. घनश्यामने लिहिलेला कागद स्वतःशी पुन्हा वाचला. वरपर्यंत जाईन, असं पुंडलिकराव म्हणाले होते, आणि ते जाणारे होते. आपली बदली कुठे होईल, याचाही विचार त्याच्या मनात येऊन गेला असावा. मग त्याने तो कागद फाडला, दुसरा घेतला आणि पहिल्यापासून लिहायला बसला.

लिहून झाल्यावर तो उभा राहिला आणि त्याने मोठ्याने वाचलं. बाबुलालचं आणि पुंडलिकरावांचं, दोन्ही नावं वाचली, गाळली नाहीत. घागरी घेतलेल्या बाया मागे होत्या. त्यांतली एक म्हणाली, "आमाले नाई ऐकू आलं जी."

घनश्यामने घसा साफ केला आणि सगळं पुन्हा वाचलं.